रूबेनभाऊंचा बिनपंख्याचा डबा

आमचे शेजारी रूबेनभाऊ कुठलंही यंत्र घेण्याआधी त्याला कान लावतात. मिक्सर असो, फ्रिज असो. दुकानदार किंमत सांगत असतो आणि हे डोळे मिटून उभे! "वैनी, यंत्र गप काम करणारं पाह्यजे," म्हणतात. स्वतः मात्र सकाळपासून एक मिनिट गप नसतात.

त्यांची थोरली बहीण रिबेका इस्रायलला असते. घरचे सगळे केव्हाच तिकडे गेले, पेणमध्ये हे एकटे राहिले. शनिवार त्यांचा शब्बाथचा, विश्रांतीचा; तो सोडून रोज दुपारी बहिणीचा फोन, तो नेटवरून. पण नेटवाल्यानं दिलेला राउटर, म्हणजे वायरीतून आलेलं नेट घरभर वाटणारा डबा, ऊन तापलं की मान टाकायचा आणि फोन तुटायचा. भाऊंनी ठरवलं, राउटर आपणच बनवायचा. जुना कॉम्प्युटर आणून, मोबाइलवर बघून बघून जुळवला. चालला हो झकास! पण त्याला पंखा होता. आणि आमची आळी गणपतीच्या कारखान्यांची. प्लास्टरची धूळ आमच्या डाळतांदळातसुद्धा सापडते, ती पंख्याला सोडते होय? पंखा घरघरायला लागला. तिकडून ताई ओरडली, "रूबेन, घरात पिठाची गिरण घातलीस काय रे?"

झालं! बिनपंख्याच्या कॉम्प्युटरचा शोध सुरू. रोह्याला जुन्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. मला तिथं भाचीकडे जायचंच होतं, म्हणून सोबत गेले. भाऊंच्या अटी ऐका. डबा जेवणाच्या डब्याएवढा, बाहेरचं अ‍ॅल्युमिनियमच गरमी बाहेर टाकणारं, आणि वायरीसाठी दोन तोंडं. एकातून नेट आत येणार, दुसऱ्यातून घरात जाणार. दुकानदारानं काढलेल्या पहिल्या डब्याला एकच तोंड. दुसरा उघडला तर आत बारकासा पंखा. "बघा वैनी, पोटात पाप!" तिसरा सुरू करून त्याच्यावर हात ठेवून बसले, पोराचा ताप बघावा तसे. उठेनातच.

दुकानदार वैतागला. "काका, डबा घेताय का सून बघताय?"

"सून बोललेली चालते रे. हा बोलायला नको."

तोच आणला. आता वडखळच्या नाक्यावर रोजच्यासारख्या गाड्या अडतील, भाऊंचा फोन नाही.

एवढ्या खटाटोपानं भावंडं बोलतात तरी काय, म्हणून एका दुपारी मी मुद्दाम डोकावले. फोन खिडकीत उभा, चित्र बंद. भाऊ गुपचूप भेंडी चिरतायत. फोनमधून भांड्यांचा आवाज येतोय. बोलत कुणीच नाही.

"अहो, फोन चालू हाय नं? बोला की!"

"रोज काय बोलायचं, वैनी?" भाऊ हळूच म्हणाले. "ती तिकडं दिवसभर घरात एकटी, मी इकडं. तिला आळीतले आवाज लागतात. कावळे, मच्छीवाली, नळाचं पाणी. त्यात घरघर कशी चालंल?" मग सुरी खाली ठेवली. "तुम्हाला खोबरं खवायचं असंल तर इथं बसून खवता का? माझ्या घरात विळीचा आवाज होत नाय."

मी घरून विळी आणि नारळ आणला, खिडकीखाली बसले आणि खवायला लागले. अर्धी वाटी झाली असेल, तोच फोनमधून बारीक आवाज आला, "कोण गो ती? हलक्या हातानं खव. काळं उतरतंय."

मी ताटात बघितलं. खरंच उतरत होतं.