कैलासवासी असेसर

समन्स आलं तेव्हा तुकारामांना जाऊन तीन वर्षं झाली होती. १९५१ सालच्या त्या कागदात मात्र त्यांना बजावलं होतं की, सेशन कोर्टात असेसर म्हणून हजर राहा, नाहीतर दंड होईल. असेसर म्हणजे जिल्ह्यातला प्रतिष्ठित गृहस्थ. त्यानं दिवसभर बसून खटला ऐकायचा, शेवटी आपलं मत सांगायचं आणि न्यायाधीशांनी ते मानलंच पाहिजे असं काही नाही. एवढ्यासाठी जिवंत माणूस कशाला अडकवा, असा सरकारनं विचार केला असावा.

चौलची सुपारीची वाडी तशीच टाकून त्यांचा मुलगा अनंता जिल्ह्याच्या गावी गेला आणि कोर्टाच्या मुख्य कारकुनापुढे, म्हणजे शिरस्तेदारांपुढे, हात जोडून उभा राहिला.

"सायेब, बाबा वारले."

"यादीत जिवंत आहेत."

"यादी चुकली आसंल."

"यादीवर मोठ्या साहेबांची सही आहे. तुमच्या बाबांच्या मरणावर कुणाची आहे?"

मृत्यूचा दाखला चौलला पेटीत होता. इकडे एक असेसर कमी पडत होता. शिरस्तेदारांनी आवाज खाली आणला. "आजच्या दिवस तुकाराम म्हणून बसा. मतच द्यायचंय, मुलगी नाही."

अनंता बसला. न्यायाधीशांनी यादी पाहिली, मग चाळिशीतला अनंता पाहिला.

"वय एक्याऐंशी?"

"व्हय सायेब."

"तब्येत उत्तम राखलीत!"

"वाडीतली हवा, सायेब."

खटला पुकारला गेला. आरोपी म्हसळ्याचा अंबाजी. मेलेल्या चुलत्याच्या नावानं सही ठोकून त्यानं चुलत्याची जमीन विकली होती म्हणे.

"मेलेल्या माणसाचं नाव लावून सरकारपुढं उभं राहायचं," सरकारी वकील गरजले, "याहून नीच कृत्य ते कोणतं?"

अनंताचा सदरा घामानं पाठीला चिकटला. शेजारचा असेसर त्याच्या कानाशी लागला, "असल्यांना फोडून काढलं पाहिजे, नाही का आजोबा?"

बाकीच्या तिघा असेसरांनी मत दिलं : दोषी. मग अनंता उठला.

"निर्दोष, सायेब. कवा कवा माणसाचा नाइलाज होतो."

"वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी अंबाजीला दोन वर्षं सक्तमजुरी दिली.

शिपाई नेऊ लागले तसा अंबाजी अनंतापुढं थांबला. "आजोबा, तुमी तरी मला वळखलंत," म्हणून त्यानं वाकून नमस्कार केला. अनंताला वर बघवेना.

तो तडक शिरस्तेदारांकडे गेला. "बाबांचं नाव यादीतनं आत्ताच्या आत्ता काढा."

"काढू की." शिरस्तेदारांनी अर्ज भरला, टाक शाईत बुडवून पुढे केला. "करा सही."

"माजी?"

"तुमची कशी चालेल? नाव ज्याचं, अर्ज त्याचा. तुकारामांची करा."

बाहेर अंबाजीच्या बेड्या खळखळल्या. अनंतानं टाक जपून दौतीत ठेवला.

"बाबांना इचारून येतो," तो म्हणाला आणि त्यानं चौलची वाट धरली.