बिनतारी औषधाचा शोध

बुऱ्हाणपूरच्या एका खाजगी महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या वैजयंतीबाईंची नोकरी पक्की व्हायची होती. त्यासाठी एक शोधनिबंध छापून येणे आवश्यक होते. केळीच्या करपा रोगावर औषध म्हणून बाई प्रयोगशाळेत एक सेंद्रिय संयुग तयार करत होत्या. दर खेपेला फ्लास्कात डांबर उरे. बाईंनी तसेच लिहिले : 'या मार्गाने हे संयुग तयार होत नाही.'

प्राचार्य चुडामण सरांनी निबंध दोन बोटांत धरून परत केला.

"बाई, न झालेलं कोण छापतं? वरून आदेश आहे, आंतरशाखीय पाहिजे. निरंजनला सोबत घ्या."

निरंजन बिनतारी जाळ्यांवर संशोधन करी. म्हणजे संगणकात टॉवर उभे करी. खऱ्या टॉवरची रेंज त्याच्या खोलीत येत नसे.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. सिम्युलेशन में सब बनता है," तो म्हणाला. त्याने रेणूंच्या जागी मोबाइल धरले, बंधांच्या जागी सिग्नल, आणि संगणकात औषध शंभर टक्के तयार झाले.

"ब्याण्णव लिहा," सर म्हणाले. "शंभर लिहिलं की लोकांना खोटं वाटतं."

नोकरीकडे पाहून बाईंनी सही केली. निबंध छापून आला. कीर्तनात बुवांनी चरण म्हटला की मागचे टाळकरी तोच उचलतात, आणि त्या भाबड्या गजरात ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. विद्वानांतही ही सोय आहे. फक्त तिथे 'तू माझा उचल, मी तुझा उचलतो' हे आधी ठरते. गावोगावच्या प्राध्यापकांनी आपापल्या लेखांत दाखला देऊन निबंध उचलला, मग वर्तमानपत्राने, मग मोबाइलने : 'टॉवरच्या लहरींनी करपा बरा!'

जवळच्या बहादरपूर गावात लोकांनी केळीच्या झाडांना मोबाइल बांधले. करपा हटेना. रेंज कमी पडते, असा निष्कर्ष काढून महाविद्यालयाने नवा टॉवर मागितला आणि बाईंचा सत्कार ठरवला. नोकरीची घोषणा त्यातच व्हायची होती.

हार गळ्यात पडणार, तोच बहादरपूरचे सुकलालभाऊ उठले. "ताई, तुमच्या भरोशावर फवारणी बंद करून टाकली मी. अर्धा बाग जळाला. मोबाइल अजून कितीक दिवस बांधून ठेवू?"

बाईंनी हार बाजूला केला आणि माईक ओढला. "भाऊ, आजच फवारणी सुरू करा. औषध झालंच नाही. फ्लास्कात नुसतं डांबर होतं. चुकले मी."

सर शांतपणे उठले. "पाहा, केवढी ही नम्रता!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यातच सुकलालभाऊंच्या शेजारचा कुजबुजला, "ते डांबर कुठे भेटेल, विचार ना!"

नोकरी निरंजनची पक्की झाली. त्याच्या संगणकात औषध अजूनही तयार होते.

बाईंची ती कबुली कोणीतरी मोबाइलवर घेतली आहे. ती गटागटांत पडून आहे, तुमच्याही. 'करपा बरा' ही बातमी मात्र तुम्ही न वाचताच पुढे पाठवली होती, वर हात जोडलेले चित्र लावून.