दामोदरकाकांचा कापूस

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे दामोदरकाका कुणाकडे चहाला गेले की आधी खिशातून कापसाचा बोळा काढतात आणि कपाच्या कडेवरून फिरवतात. तंतू अडकला तर कप परत. "ह्याचा काठ चावतो," म्हणतात, आणि यजमानीण ओशाळून दुसरा कप आणते. माझ्या लग्नात त्यांनी पाटाची कड तपासली. नवरा सुटला, हे त्याचं नशीब.

यात वेड कमी, धंदा जास्त. काका मूळचे मोरवा गावचे, वाडवडिलांची मिठागरं होती. ते स्वतः मात्र भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात माणसांचे सुटे भाग घासतात. म्हणजे काढून टाकलेल्या हाडांच्या जागी बसवायचे टायटॅनियमचे तुकडे. यंत्रात भुकटीचे थर वितळवून ते छापले जातात आणि बाहेर येतात तेव्हा अंगाला रवा चिकटल्यासारखे दिसतात. काका त्यांना चकचकीत करतात, पण सगळीकडून नाही. "हाडाकडं खरबरीत, मांसाकडं मऊ," हा त्यांचा मंत्र. खरबरीत बाजू हाड धरून ठेवते, पण तीच गालाकडे आली तर गाल आतून सोलून निघेल.

मंत्र गाळ्यापुरता ठेवला असता तर बरं झालं असतं. सोसायटीने जिन्याला गुळगुळीत फरशी बसवली, तेव्हा काका रविवारी सकाळी पॉलिश पेपर घेऊन पायऱ्यांवर बसले. सेक्रेटरी शहाभाई धावत आले.

"काका, नया टाइल है, ये क्या कर रहे हो?"

"पाँव को पकड मंगता ना. कठडा चिकना करो, सीढी नहीं."

शहाभाईंनी नोटीस लावली. काकांनी तिच्या कडेवरूनही कापूस फिरवला. घरात सुनेने उलट उत्तर दिलं की मात्र ते खूश होतात. "खरबरीत हाय, घराला धरून ऱ्हाईल," म्हणतात.

मग माझ्या जबड्यात गाठ निघाली. कर्करोग नव्हता, पण डाव्या बाजूचं हाड हनुवटीपर्यंत काढून तिथे छापलेला तुकडा बसवायचा होता. मी शाळेत शिकवते, बोलण्यावर माझं पोट. पुन्हा नीट बोलता येईल का, या धास्तीने माझी झोप उडाली. काकांना विचारलं, "माझा तुकडा तुमच्याकडेच येणार का हो?"

"त्यावर नाव नसतं गं, नंबर असतो. मना काय ठाव?"

पुढे काही दिवसांनी काकांनी आमच्याकडे येणंच सोडलं. जिन्यात भेटले की माझ्या तोंडाकडे बघायचे आणि न बोलता वळायचे. एरवी पायरीशीही बोलणारा माणूस, मला फार लागलं ते.

ऑपरेशन झालं, सूज उतरली. वर्गात एक कविता सलग म्हणून दाखवली. डॉक्टरांचे आभार मानून झाले, देवाचेही.

त्याच आठवड्यात एका दुपारी काका आले. हातात तांदळाची भाकरी आणि तळलेले सुके बोंबील.

"चाव," म्हणाले.

मी चावत होते आणि ते मान कलती करून ऐकत होते.

"टोचत न्हाय ना?"

"नाही काका. अजिबात नाही."

"पाकिटात घालून पाठवतो आमी. कुनाच्या अंगात बसला, चालला का, एकबी बघलेला न्हाय आजवर. हात लावू?"

मी चेहरा पुढे केला. कानापासून त्यांचं खडबडीत बोट हळूहळू खाली आलं. माझी हनुवटी थोडी वाकडी आहे, लहानपणी आई त्यावरून चिडवायची. नव्या तुकड्यातही डॉक्टरांनी ते वळण जसंच्या तसं ठेवलं होतं. बोट तिथे थांबलं.

"ह्योच वळण. गाळ्यात हातात घेतला तवाच वळखला. मंग तुज्यासमोर येऊ कसा? टोचला असता तर?"

मी त्यांचा हात गालावर तसाच धरून ठेवला. दिवसभर माझ्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक शब्दावर या हाताचं ऋण आहे.

काकांनी खिशातून कापूस काढला. वाटलं, आता माझा गाल तपासणार. त्यांनी डोळे पुसले.

मी चहा केला. काकांनी कप तसाच तोंडाला लावला.