बांबूच्या आत कोण

बांबू बांधल्यावर आपण आत होतो की बाहेर?

हा प्रश्न मी पाच वर्षं विचारतोय. दादाला विचारला, वहिनीला विचारला, मोजमाप घ्यायला आलेल्या पालिकेच्या माणसाला विचारला. लॉकडाऊनमध्ये एका हवालदाराला विचारला तर त्याने काठी वर केली (ते उत्तर मी धरत नाही). अजून कुणी धड सांगितलेलं नाही.

आमची चाळ भांडुपच्या टेकडीवर. दोन ओळी, एक वरची, एक खालची. मध्ये पायऱ्यांची गल्ली. दोन्ही ओळींना रस्त्यावर उतरायची वाट वेगळी. वरच्या ओळीत नळ, खालच्या ओळीत संडास. ज्याने कुणी चाळ बांधली त्याचा हेतू असा असावा की माणसांनी दिवसातून निदान दोनदा तरी एकमेकांचं तोंड बघावं.

माझा दादा, राजेश, चाळ कमिटीचा अध्यक्ष. आई-बाबा लवकर गेले, मला त्यानेच वाढवलं. आठवीत नापास होऊन मी दप्तर नाल्यात टाकलं तेव्हा त्याने मला मारलं नाही. नाल्यात उतरून दप्तर काढून आणलं, धुतलं आणि खुंटीला टांगलं. ते अजून तिथेच आहे. मी एसी फिटिंगच्या कामाला लागलो.

कोरोना आला तेव्हा दादा म्हणाला, "धाकू, दोन बांबू आण आणि चाळीच्या तोंडावर बांध. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

चाळीच्या तोंडावर म्हणजे खाली, दोन्ही वाटा रस्त्याला मिळतात तिथे. पण बांबू घेऊन जाताना मधल्या गल्लीत समोरासमोर दोन खांब उभे दिसले. आयते दोन खांब दिसले की माझा हात थांबत नाही. मी तिथेच बांबू आडवे टाकले, आणि सुतळी नव्हती म्हणून एसीचं युनिट आवळायच्या जाड तारेने पक्कडीने पिळून पिळून बांधले. काम असं झकास झालं की मी स्वतःच चार पावलं मागे जाऊन बघितलं.

आणि तेव्हा लक्षात आलं की नळ एका बाजूला राहिला आणि संडास दुसऱ्या.

दादाने कपाळावर हात मारला. पण चाळीला सांगितलं की कमिटीने विचार करून बांधलाय. मला वाचवायला म्हणून बोलला आणि तिथून वाट लागली. कमिटीचा निर्णय म्हटल्यावर वरची ओळ त्याच्या बाजूने झाली आणि खालची विरोधात. वरचे लोक मास्कवर मास्क लावून काढा पीत होते. खालचे म्हणत होते की असला काही आजारच नाही, हे सगळं मोबाईलवाल्यांचं आहे. वरच्यांनी सकाळी दोन तासच नळ उघडा ठेवला. दुपारपर्यंत खालच्यांनी संडासाला कुलूप लावलं. (त्या दिवशी पहिली बोलणी कुणी सुरू केली असतील ते तुम्हीच ओळखा.)

खालच्या ओळीचे पुढारी होते श्यामभाऊ. श्यामसुंदर नाव. दादाचं आणि त्यांचं गावचं घर कणकवलीकडे एकाच वाडीत, दोघं एकाच वर्षी मुंबईला आले, दादाच्या लग्नात वहिनीच्या बाजूची माणसं कमी पडली तर हे तिकडे जाऊन बसले होते. श्यामभाऊंच्या तोंडात चोवीस तास तंबाखू, त्यामुळे मास्क लावणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं.

दादाला घोडेवाले इंग्रजी पिक्चर फार आवडायचे. हिंदीत डब केलेले, रविवारी दुपारी. ओसाड गाव, रस्त्यात दोन माणसं समोरासमोर, मध्ये धूळ उडतेय, कोण आधी कमरेला हात घालतो. आमच्या गल्लीत तस्सं झालं. बांबूच्या वर दादा, अंगात रेनकोट, हातात डास मारायचा पंप, त्यात सॅनिटायझर. बांबूच्या खाली श्यामभाऊ, लुंगीत, कमरेला चुन्याची डबी. दोन्ही ओळींच्या खिडक्या भरलेल्या.

"राजा, माका वळखलंस नाय?" श्यामभाऊ म्हणाले.

"तोंडार मास्क लाव, मगे वळखतंय," दादा म्हणाला.

श्यामभाऊ थुंकले. (आपल्याच बाजूला थुंकले, हे दादाने नंतर मान्य केलं.) आणि म्हणाले, "हो बांबू आसा तवसर वाकान तुज्या दारात येवचंय नाय."

ते खरंच आले नाहीत. बाकी सगळी चाळ बांबूखालून वाकून ये-जा करायची. आम्ही पाच वर्षं संडासला वाकून गेलोय. पण श्यामभाऊ वाकले नाहीत. त्यांचं पाणी कुंदावहिनी, म्हणजे त्यांची बायको, भरायची. तिने बांबूवर तोंडलीचा वेल सोडला. आजार गेला, मास्क गेले, पालिकेने लावलेला 'प्रतिबंधित क्षेत्र'चा बोर्ड उन्हाने पांढरा झाला, बांबू राहिला. गल्लीच्या कडेला पिंपळाखाली आमचा महापुरुष आहे, चाळीचा राखणदार. त्याला वर्षातून एकदा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. तेसुद्धा दोन झाले. वरचं सकाळी, खालचं दुपारी. एकाचं चालू असलं की दुसरे घरात जाऊन टीव्ही मोठा करायचे.

दादा मधूनमधून मला म्हणायचा, "तू बांधलायस, तूच काढ. श्यामाला एकदा घरी चहा पाजायचाय." मी म्हणायचो, काढतो की, घाई काय आहे.

जूनमध्ये दादा गेला. चव्वेचाळीस वर्षांचा. सकाळी दाढी करताना. अर्धी झाली होती. बाकीची अर्धी मी केली, हनुवटीला कापलं. सॉरी म्हणालो. सवयीने.

त्याला वरच्या वाटेनेच नेलं. मी वळून बघितलं तर श्यामभाऊ बांबूला दोन्ही हातांनी धरून उभे. तोंडात तंबाखू नव्हती. त्यांचं रिकामं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं. पण ते वाकले नाहीत. मला इतका राग आला की स्मशानातून आल्यावर त्यांचं नळावरचं पिंप मी लाथेने उलटं केलं. (ते आमचंच निघालं.)

तेरावा झाल्यावर मी ग्राइंडर घेऊन बांबूपाशी गेलो. तार गंजून एकजीव झाली होती. ग्राइंडरचा आवाज ऐकून पहिल्यांदा वरची ओळ धावली. म्हणाली, हा राजेशचा बांबू आहे, त्याची आठवण आहे, हात लावायचा नाही. तिथे त्याच्या नावाची पाटी लावायचं कमिटीने ठरवलंय. मग खालची ओळ आली. ती म्हणाली, आमच्या गाद्या कुठे वाळत घालायच्या? कुंदावहिनीने तोंडलीच्या वेलासमोर हात पसरले. पाच वर्षांत पहिल्यांदा दोन्ही ओळींचं एकमत झालं, ते माझ्याविरुद्ध. जो बांबू दादाला नको होता, त्याचंच स्मारक होणार. मी घरी जाऊन दादाच्या फोटोकडे बघत बसलो. त्याचा चेहरा नेहमीसारखा होता, मी काही बांधल्यावर व्हायचा तसा.

मग ऑगस्टमध्ये नारळाचा दिवस आला. वर्षभर आमच्या घरात सण नाही, पण राखणदाराला नारळ चालतो, असं गावच्या भटजींनी फोनवर सांगितलं. आणि गाऱ्हाणं दादाशिवाय वरच्या ओळीत कुणाला पाठ नव्हतं. मला होतं, कारण लहानपणापासून त्याच्या शेजारी उभं राहून मी ऐकलंय. (अभ्यासात अशी पाठांतरं असती तर आज मी मामलेदार असतो.) दादाचं पहिलंच वर्ष, म्हणून त्या सकाळी खालच्यांनी टीव्ही लावला नाही. बांबूच्या पलीकडे सगळे हात जोडून उभे राहिले. श्यामभाऊ पुढे.

गाऱ्हाण्याची एक गोष्ट सांगायला हवी. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ऐकून, विचार करून नाही. तो ठेका असतो. वाक्याचा सूर खाली उतरला की आमच्याकडच्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं. आणि देवासमोर एकदा म्हटलेलं परत घेता येत नाही.

मी सुरू केलं. "बा देवा म्हापुरुषा, ही तुजी लेकरा आज नारळ ठेवन उभी आसत."

"व्हय म्हाराजा."

"त्यांका सुखी ठेव. रोगराई वेशीभायर काढ."

"व्हय म्हाराजा." हे खालूनही आलं. मुद्दाम नाही, निसटलं. तेव्हा माझ्या डोक्यात ते शिरलं. माझ्या डोक्यात काही शिरलं की तोंडातून लगेच बाहेर येतं.

"ह्या धाकून पाच वर्सांआधी बांबू भलत्याच जाग्यार बांधल्यान. कमिटीन नाय, धाकून बांधल्यान. नळ वर रवलो, संडास खाली रवलो. दोन मैतर तुटले."

"व्हय म्हाराजा."

"तो बांबू आज सुटांदे. माज्या दादाची तीच इच्छा होती."

"व्हय म्हाराजा," दोन्ही ओळी म्हणाल्या. मग सगळ्यांना कळलं आपण काय म्हटलंय ते. कुणी कुणाकडे बघेना. मी जिंकलो होतो. दादाची शपथ, मला वाटलं मी नारळ फोडून उडी मारावी.

तेवढ्यात पलीकडून श्यामभाऊंनी डोळे मिटले. गाऱ्हाणं त्यांनाही येतं, हे मी विसरलो होतो.

"आणि बा म्हापुरुषा, हो धाकू आठवी नापास. राजा मरासर ह्येच्यासाठी झुरलो. ह्येका ह्या वर्सा भायरसून दहावीक बसूचो सतरा नंबराचो फॉर्म भरूची बुद्धी दी."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

दहा मिनिटांत तार कापली. श्यामभाऊ ताठ चालत वर आले, सरळ आमच्या घरात, दादाच्या फोटोसमोर. खिशातून एक मास्क काढला, निळा, घडीचा, दोरी सैल झालेला. तोंडाला लावला.

"लावलंय रे," ते फोटोला म्हणाले. "आता वळखलंस?"

वहिनी आत चहा करायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मीही तिथे थांबू शकलो नाही. रडायचं नसलं की मला काहीतरी बांधावं लागतं. कुंदावहिनी वेल हातात धरून उभी होती, तिला मांडव करून देतो म्हणालो होतो. बांबू तेच, तार त्याच भेंडोळ्यातली. खाली गेलो तर समोर आयते दोन खांब दिसले. अर्ध्या तासात मांडव आडवा झाला, पिळून पिळून पक्का केला, वेल वर चढवला, चार पावलं मागे गेलो.

संडासाचं दार बाहेर उघडतं.

आणि चहा पिऊन श्यामभाऊ मधल्या वेळात आत गेले होते.

दोन्ही ओळी जमल्या. पक्कड तोवर कुणीतरी माझ्या हातातून काढून वर घरी पोचवली होती. ती वहिनी घेऊन आली. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात सतरा नंबर फॉर्मची प्रिंट. दादाने गेल्या वर्षीच काढून त्या खुंटीवरच्या दप्तरात ठेवली होती. (तो फॉर्म जुना निघाला, पुढे सगळं ऑनलाइन भरावं लागलं, ते वेगळं.)

"आधी सही, भावजी," वहिनी म्हणाली. "मग पक्कड."

दाराच्या फटीतून श्यामभाऊंचा आवाज आला. "धाकू, आत म्हणजे खंय, ता कळला मरे तुका? सही कर."

तो मांडव म्हणजे चाळीसाठी मी केलेलं शेवटचं काम. त्यानंतर मला तारेला हात लावू दिलेला नाही. संडासाच्या दारावर कागद टेकवला, आतून श्यामभाऊंनी दार धरून ठेवलं, आणि मी सही केली. घाईत चौकट नीट बघितली नाही.

पालकांच्या चौकटीत केली.