नानांच्या हातची तूर

आमच्या शेजारचे नाना माती खायचे. भूक लागली म्हणून नव्हे. चिमूटभर जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, थुंकायचे आणि मग निकाल सांगायचे. एकदा माझ्या तुळशीतली चाखून म्हणाले, "उपाशी आहे."

मी म्हटलं, "मग जेवायला घाला."

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात शेणखताची पाटी.

नाना जमीन मोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले. लग्न केलं नव्हतं. तेव्हा सरकार मोठ्या जमीनदारांची जादा जमीन भूमिहीनांना वाटत होतं. त्यामुळे नाशिकरोडच्या आमच्या चाळीत खेड्यांतली माणसं यायची. नाना अर्ज फुकट लिहायचे, पण अटी घालायचे. "सातबाऱ्यावर बायकोचं नाव आधी. बांध घालायचा. युरियाचं पोतं दिसलं तर मी तुम्हाला ओळखत नाही." नवरे आधी बायकोकडे बघायचे, मग दाराकडे.

घोटीकडच्या यशोदा आणि किसनला अशी दोन एकर मिळाली. नानांनी चाखली. "खडा फार आहे, पण स्वभावानं बरी." दोघांनी दगड वेचून बांध घातला, डोक्यावरून शेणखत वाहिलं. पेरणीला नाना हजर. यशोदा नांगरामागून तुरीचं बी टाकत होती आणि नाना तिला शिकवत होते. शेवटी ती थांबली.

"नाना, बोलता लय. हे घ्या बी, टाका."

तेव्हा कळलं, नानांनी जन्मात एक दाणा पेरला नव्हता. तीस वर्षं दुसऱ्यांची शेतं मोजली, तेवढंच. एका जागी पाच दाणे, पुढे दोन हात कोरडं. तूर उगवलीही तशीच. किसन ती विरळायला बसला, तर यशोदेनं त्याला उठवलं.

मग कोणीतरी तक्रार केली की हे दोघं स्वतः कसत नाहीत, मजूर लावतात. खरं ठरलं असतं तर जमीन परत सरकारजमा. साहेब पाहणीला येणार होते. पंच व्हायला गावात माणसं भीत होती. मला सही येते, म्हणून नानांनी मला नेलं. "खोट्याला सही द्यायची नाही," असं एसटीत तीनदा बजावलं.

साहेब शेतात फिरले आणि नेमके नानांनी पेरलेल्या ओळीशी थांबले. "हे कोणी पेरलं? हा कसणाऱ्याचा हात नाही. मजूर लावला होता ना?"

नानांनी खरं सांगायला तोंड उघडलं, तोच यशोदा पुढे झाली.

"मजूर कुठला, सायेब? आमच्या सासऱ्यानं पेरलंय. हे काय उभे हायेत. काम येत नाय, हौस लय."

साहेब हसले. घरचाच माणूस, असं लिहून घेतलं. किसन रांगत होता तेव्हाच त्याचा बाप गेला, हे मला माहीत होतं. मी सही केली. नाना खाली बसून चपलेचा पट्टा लावत होते. चपलेला पट्टा नव्हता.

परतीच्या एसटीत नाना खिडकीतून शेतं बघत बसले. नाशिकरोडला उतरल्यावर म्हणाले, "काय म्हणाली हो ती?"

"ऐकलंत की तुम्ही."

"ऐकलं. तुम्ही सांगा."

सांगितलं. चाळ येईपर्यंत दोनदा.