मिठागराच्या मातीचं घर

सूर्याला घरकामाला जुंपणारा पेण तालुक्यातला पहिला माणूस मीच! छपरावर उन्हाने पाणी तापवणारी टाकी, अंगणात सौरचूल आणि भिंती इथल्याच मातीच्या. सिमेंट नाही, पंखा नाही!

हा खटाटोप माझ्या बायकोसाठी, अंतरासाठी. ती नाशिकला बँकेत, मी रोह्याच्या कंपनीत आणि संसार एस.टी.त! "राहण्यासारखं घर बांध, लगेच पेणच्या शाखेत बदली मागते," ती म्हणाली होती. एकट्यापुरता भात लावायला गेलो तरी हमखास दोघांचा लागायचा. फार आठवण यायची तिची.

माती कुठली घ्यावी? मिठागरात राबणाऱ्या काळुरामने छातीठोकपणे सांगितलं, "सायेब, आमच्या बांधाची न्या! दर्या थोपवते ती, तुमची भिंत काय चीज हाय?"

बिनतोड मुद्दा! आम्ही दोघांनी भिंती उभ्या केल्या. ऊन लागताच त्यांच्यावर छान पांढरी झाक चढली.

"चुना मारलास?" घर बघायला आलेल्या अंतराने विचारलं.

"नैसर्गिक रंग!" मी ठोकून दिलं.

ती खिडकीशी बसली. "इथे माझी तुळस ठेवू या," म्हणाली. मी हरखून सौरचुलीतला भात वाढायला घेतला, तोच तिच्यामागे माती ढासळली आणि भोकातून हातभर जीभ आत आली!

"अरे, कुणीतरी घर खातंय!"

बाहेर काळुरामची म्हैस, तिच्यामागे गावातली ढोरं! तो पांढरा रंग म्हणजे निव्वळ मीठ. काळुराम काठी घेऊन धावत आला. "हाट्! सायेब, भिंत लय चवीची झाली हाय!"

अंतरा पोट धरधरून हसली. वाटलं, उरलेलं घरही खाऊ दे यांना, पण हिने जाऊ नये. ती संध्याकाळच्या गाडीने गेलीच. "भिंत झाली की कळव!"

आता गागोद्याहून गोडी, बिनमिठाची माती आणतोय. परवा एस.टी.डी. बूथवरून तिला फोन लावला.

"काळुरामची म्हैस रोज विचारते, तू कधी येणार?"

"फक्त म्हैसच विचारते?"

सूर्याच्या उष्णतेवर तासभर बोलू शकणारा मी! आणि म्हणालो काय?

"नाही... तिचं रेडकूही!"

फोन कट झाला. बूथवाला म्हणतो, लाइन गेली असेल. मीही सगळ्यांना तेच सांगतो.