सगुणा मेंढीचं हिरवं पान

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी जन्मापासून निसर्गातच राहत होते. पण निसर्गाची काळजी घ्यायची असते, हे त्यांना अलीकडेच कळलं होतं.

तिथे सगुणा नावाची एक मेंढी होती. तिच्याकडे आईने स्वतःच्या लोकरीचं विणलेलं घोंगडं होतं. दर भादरणीनंतर सगुणा उघडी पडायची आणि त्याच घोंगड्यात थंडी काढायची. बारा हिवाळे झाले तरी ते विरलं नव्हतं.

एक दिवस कोल्होबाने वडाखाली शालींचं दुकान थाटलं. प्रत्येक शालीला एक हिरवं पान टांगलेलं. पानावर लिहिलं होतं, 'धरतीमातेची काळजी'.

"जुनं द्या, हिरवं न्या," कोल्होबा म्हणाला. "सगुणाताई, तुमच्या घोंगड्याचा काही पुरावा?"

"आईने विणलंय."

"म्हणजे प्रमाणपत्र नाही."

सगुणा खजील झाली. इतकी वर्षं आपण पुराव्याशिवाय ऊब घेतली, असं तिला वाटलं. तिने घोंगडं देऊन शाल घेतली. मग पान सगळ्यांना दिसेल अशा बेताने ती पाणवठ्यावर फिरली. जुनं कांबळं पांघरलेल्या गाढवाला तिने दोन शब्द सुनावलेही.

तिथे तिची मैत्रीण ठकू शेळी भेटली. पान दिसलं की शेळीला तोंड आवरत नाही. तिने ते शालीच्या टोकासकट चावलं आणि थुंकून टाकलं.

"अगं सगुणे, हे पान नव्हे, प्लास्टिक आहे. शालही तसलीच लागतेय."

"तुला काय कळतंय त्यातलं," सगुणा म्हणाली. ठकूने जन्मभर पानंच खाल्ली होती, हे तिला ठाऊक होतं. पण हसू नका, बाळांनो. गाढवाला सुनावून झालं होतं ना.

थंडी पडली. पहिल्याच धुण्यात शालीची चाळण झाली. सगुणा कुडकुडत कोल्होबाकडे गेली. घोंगडं परत मागायचंच, असं तिने ठरवलं होतं. ते दुकानात समोरच टांगलं होतं, नवं पान लावून.

"हे खास आहे," कोल्होबा म्हणाला. "पुनर्वापराचं. बारा हिवाळ्यांची हमी. फक्त पुढच्या दोन भादरणींची लोकर द्या."

सगुणाने आईची कोपऱ्यातली चुकलेली गाठ ओळखली. तिला रडू आलं, आणि स्वतःचं हसूही आलं.

"ओळखीचं वाटतंय का?" कोल्होबाने विचारलं.

"छे," ती म्हणाली. "पण पान जरा पुढच्या बाजूला लावून द्या."

तात्पर्य: शेळीचं ऐकू नये, ती पान चाखून बघते. शहाण्याने पान नुसतं वाचावं. ही गोष्ट सांगणाराही तेच करतो. त्याच्या घरी निसर्ग वाचवणाऱ्या सतरा कापडी पिशव्या आहेत, आणि अठरावी त्याला कालच आवडली आहे.